विश्लेषण : रंगीत वस्त्र सोडलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरी साडी कशी उभी केली?

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. याच नदीच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात महेश्वर हे गाव आहे. महेश्वरी साडीला या गावाचे नाव मिळाले आणि तिचे श्रेय अहिल्याबाई होळकर यांना दिले जाते. मंदिरे आणि घाट बांधणाऱ्या अहिल्याबाई सर्वांना ठाऊक आहेत. हातमाग उभे करणाऱ्या अहिल्याबाईंची ओळख मात्र तुलनेने कमी आहे.

चौंडी ते होळकरांचा वाडा

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येते. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. १७३३ मध्ये मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुनेची हुशारी ओळखून मल्हाररावांनी तिला हिशेब, पत्रव्यवहार आणि राज्यकारभाराचे धडे दिले.

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. तेव्हा अहिल्याबाई २९ वर्षांच्याही नव्हत्या. त्या सती जायला निघाल्या, पण मल्हाररावांनी त्यांना थांबवले. त्यानंतर त्यांनी रंगीत वस्त्रे आणि दागिने सोडले. पुढची चाळीस वर्षे त्या पांढऱ्या वस्त्रांतच वावरल्या.

महेश्वर राजधानी कधी झाली?

१७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेरावही गेला. बाईने राज्य चालवण्यापेक्षा दत्तक घ्यावा, असा दबाव दरबारातून आला. रघुनाथराव फौज घेऊन निघाले. अहिल्याबाईंनी लढाईची तयारी ठेवली आणि इतर मराठा सरदारांचा पाठिंबाही मिळवला. माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांवर आली. अहिल्याबाईंनी नर्मदाकाठचे महेश्वर राजधानीसाठी निवडले.

विणकरांना का बोलावले?

महेश्वर हे तीर्थक्षेत्र होते. पण राजधानी चालायची तर गावात व्यापार हवा आणि लोकांच्या हाताला काम हवे. अहिल्याबाईंनी बाहेरगावचे कसबी विणकर आणवून त्यांना येथे वसवले. हे विणकर सुरत, बुऱ्हाणपूर आणि माळव्यातून आले, असे परंपरा सांगते. दरबारात येणारे पाहुणे आणि सरदारांना भेट देण्यासाठी नऊवारी लुगडी आणि पागोट्यांचे कापड विणले जाऊ लागले. राज्याची भेट म्हणून गेलेले कापड दूरच्या दरबारांत पोहोचले, तसे गावाचे नावही तेथे पोहोचले.

साडीचे वैशिष्ट्य काय?

पहिली साडी अहिल्याबाईंनी स्वतः आखून दिली, अशी आख्यायिका महेश्वरमध्ये आजही सांगितली जाते. महेश्वरी साडी सुरुवातीला सुती होती, रेशीम नंतर आले. तिचे अंग साधे असते, किंवा त्यावर बारीक चौकडी अथवा उभ्या रेघा असतात. सगळा नखरा काठात आणि पदरात. पारंपरिक पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे साडी उलटसुलट कशीही नेसता येते.

काठावरची नक्षी महेश्वरच्या किल्ल्यातील आणि घाटावरील दगडी कामातून आली, असे सांगितले जाते. चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल आणि नर्मदेची लहर ही त्यातील ठरलेली रूपे. विणकराच्या डोळ्यांसमोर रोज जे होते, तेच मागावर उतरले.

भिल्लांशी याचा संबंध काय?

सूत आत येण्यासाठी आणि कापड बाहेर जाण्यासाठी वाटा सुरक्षित हव्या होत्या. नर्मदेच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांतून माल नेताना लुटीची भीती असे. अहिल्याबाईंनी सुरुवातीला कठोर बंदोबस्त केला. पण केवळ शिक्षेने प्रश्न सुटणार नव्हता. डोंगरातून जाणाऱ्या मालावर ‘भिलकवडी’ नावाचा ठरावीक कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्या बदल्यात वाटेची राखण करणे आणि चोरीचा माल शोधून देणे ही जबाबदारी भिल्लांवर आली. पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासही त्यांना प्रोत्साहन मिळाले. सर जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील ग्रंथात या धोरणाची नोंद केली आहे.

अखेरची वर्षे कशी गेली?

घरचे दुःख मात्र संपले नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईची विनवणी तिने ऐकली नाही. स्वतः सती न जाता राज्य सांभाळलेल्या अहिल्याबाईंना मुलीला वाचवता आले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

मागांचे पुढे काय झाले?

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वरचा राजाश्रय आटला. पुढे गिरणीच्या स्वस्त कापडाने उरलेले गिऱ्हाईकही ओढले. विसाव्या शतकात अनेक माग बंद पडले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ संस्था सुरू केली. रेहवा हे नर्मदेचेच एक नाव, रेवा. संस्थेने गावातील स्त्रियांना मागावर बसवले, मजुरी दिली आणि जुने काठ पुन्हा विणून घेतले. आज महेश्वरी साडीला भौगोलिक मानांकन आहे.

अहिल्याबाईंच्या काळात सुरू झालेली विणकामाची परंपरा महेश्वरमध्ये आजही अनेक घरे चालवते. त्यांनी स्वतः सोडलेले रंग आजही तेथल्या मागांवर चढतात.