नाथांची कावड

दत्ताची जी आरती आपण रोज म्हणतो, ती पैठणच्या एकनाथमहाराजांची. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी म्हणजे देवगिरीचे किल्लेदार आणि मोठे दत्तोपासक. नाथांना दत्तप्रभूंचं दर्शन तिथेच घडलं. पण प्रभू आले मलंग फकिराच्या वेषात, सोबत कुत्री. नाथ आधी बिचकले, अशी कथा आहे. मला ते बिचकणं फार मोलाचं वाटतं. नाथांनासुद्धा हे शिकावं लागलं!

पुढे भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी टीका लिहिली, ती 1573 साली काशीत पुरी झाली. त्यात अवधूताचे 24 गुरू आहेत. कबुतर, अजगर, हत्ती, मासा, कोळी आणि त्याच रांगेत पिंगला वेश्या नि बाण करणारा कारागीर. जनावर वेगळं, हलकी मानलेली माणसं वेगळी, अशी वाटणी तिथे नाहीच.

काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेताना वाळूत तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ती त्याच्या तोंडात ओतली. ही गोष्ट आपल्या पोरांनाही पाठ. दुसरी गोष्ट मात्र आपण घाईत उरकतो. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात महाराचं पोर रडत होतं. नाथांनी त्याला कडेवर घेतलं, पुसलं आणि महारवाड्यात नेऊन घरी पोचवलं. श्राद्धाचा स्वयंपाकही त्यांनी एकदा भुकेल्या अस्पृश्यांना वाढला. त्यावर पैठणचे ब्राह्मण त्यांच्याकडे जेवायला तयार होईनात. गाढवाचं पाणी लोकांनी कौतुकाने सांगितलं, पंगतीचा मात्र जाब विचारला. दया दोन्हीकडे तीच होती. खुद्द मुलगा हरिपंडित, मोठा शास्त्री, पण वडिलांचं हे वागणं न पटून काशीला निघून गेला. नाथ स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला.

आता जरा घरचं सांगतो. आमच्याकडे दत्तजयंतीला नैवेद्यातली पोळी आधी दारच्या कुत्र्याला, मग आम्हाला. ही आजोबांपासूनची रीत. लहानपणी गटार उपसायला यायचे त्या बाबांना पाणी मात्र आम्ही ओंजळीत वरून ओतायचो. तांब्या माझ्याच हातात असायचा. कुत्र्याची वाटी घासूनपुसून कोनाड्यात ठेवलेली असे. त्या बाबांसाठी घरात भांडंच नव्हतं.