विश्लेषण : दहा लाख पौंडांचा जस्टिन फॅशानू एकटा का पडला?

दहा लाख पौंडांना विकला गेलेला पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश फुटबॉलपटू आणि कारकीर्द सुरू असतानाच आपण समलिंगी असल्याचे जाहीर करणारा इंग्लंडमधील पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू. या दोन्ही नोंदी जस्टिन फॅशानू याच्या नावावर आहेत. १९९८मध्ये, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी त्याने आयुष्य संपवले. कातडीच्या रंगावरून आणि लैंगिकतेवरून अशा दोन्ही प्रकारच्या शिव्या त्याने स्टँडमधून ऐकल्या. त्यातली पहिली शिवी गुन्हा ठरली १९९१मध्ये. दुसरीकडे यंत्रणेने नीट लक्ष द्यायला आणखी ३० वर्षे गेली.

तो गोल कोणता?

९ फेब्रुवारी १९८०. नॉर्विचच्या कॅरो रोड मैदानावर नॉर्विच सिटी विरुद्ध लिव्हरपूल. पेनल्टी बॉक्सच्या बाहेर, गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या जस्टिनकडे चेंडू आला. उजव्या पायाने त्याने तो किंचित वर उडवला, गर्रकन वळला आणि चेंडू जमिनीला टेकायच्या आत डाव्या पायाने हाणला. लिव्हरपूलचा गोलरक्षक रे क्लेमन्स झेपावला, पण चेंडू कोपऱ्यातून जाळ्यात गेला होता. जस्टिन नाचला नाही, धावलाही नाही. फक्त एक बोट वर करून शांतपणे चालत राहिला. सामना नॉर्विचने ३-५ असा गमावला. पण टीव्हीचे कॅमेरे मैदानावर होते आणि बीबीसीने त्या हंगामातील सर्वोत्तम गोल म्हणून याच गोलची निवड केली. जस्टिनला १९ वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा दहा दिवस बाकी होते. हा गोल आजही यूट्यूबवर सापडतो, जरूर पाहावा.

जस्टिन आला कुठून?

जन्म १९ फेब्रुवारी १९६१, लंडनच्या हॅकनी भागात. वडील नायजेरियाचे, वकिलीच्या पेशातले. आई गयानाची, परिचारिका. दोघे वेगळे झाले, एकट्या आईला मुलांचा सांभाळ झेपेना आणि जस्टिन व त्याचा धाकटा भाऊ जॉन यांची रवानगी बर्नार्डोज या संस्थेच्या बालगृहात झाली. जस्टिन सहा वर्षांचा असताना आल्फ आणि बेटी जॅक्सन या गोऱ्या दाम्पत्याने दोघांना आपल्या घरी वाढवायला नेले. घर होते नॉरफोक परगण्यातील श्रॉपम या खेड्यात. शेतीवाडीचा, गोऱ्या वस्तीचा तो भाग. तिथे ही दोन मुले कुठेही गेली तरी लगेच नजरेत भरायची.

जस्टिन आधी बॉक्सिंगमध्ये चमकला. पण नॉर्विच सिटीच्या नजरेत तो भरला आणि ग्लोव्हज मागे पडले. जानेवारी १९७९मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी, तो पहिल्या संघाकडून खेळला.

तेव्हाचे स्टँड कसे होते?

पदार्पणाचा तो सामना वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध होता. सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅट्सन हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र खेळवणारा हा संघ त्या काळी अपवाद होता. त्यांच्या वाट्याला काय येत होते, ते जस्टिनलाही दिसत होते. कृष्णवर्णीय खेळाडूच्या पायात चेंडू आला की हजारो लोक एका सुरात माकडाचे आवाज काढत. मैदानात केळी भिरकावली जात. नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे कार्यकर्ते स्टेडियमबाहेर आपली पत्रके विकत. १९८२मध्ये रेजिसची इंग्लंड संघात निवड झाली तेव्हा त्याला टपालाने बंदुकीची गोळी पाठवण्यात आली. त्याच वर्षी चेल्सीकडून पहिल्यांदा खेळणाऱ्या पॉल कॅनोव्हिलला स्वतःच्याच क्लबच्या पाठीराख्यांनी शिव्या घातल्या. १९८८मध्ये जॉन बार्न्सने मैदानात पडलेले केळे टाचेने बाहेर भिरकावले. ते छायाचित्र गाजले, पण त्याच्याआधी आणि नंतर किती केळी पडली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

शिव्या देणारे सगळेच कोणत्या पक्षाचे नव्हते. कामाचा आठवडा संपवून मित्रांसोबत आलेले साधे लोक त्यात होते. समालोचक या आवाजांचा उल्लेख टाळत, क्लब हसण्यावारी नेत आणि खेळाडूने कातडी जाड करावी, असा सल्ला मिळे. सर्वांत जास्त नुकसान बहुधा या सल्ल्यानेच केले.

क्लफ यांच्याशी काय बिनसले?

नॉर्विचसाठी ९० लीग सामन्यांत ३५ गोल केल्यानंतर ऑगस्ट १९८१मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने जस्टिनला दहा लाख पौंड मोजून विकत घेतले. फॉरेस्ट तेव्हा दोनदा युरोपियन कप जिंकलेला संघ आणि त्याचे व्यवस्थापक ब्रायन क्लफ म्हणजे इंग्लिश फुटबॉलमधील दरारा. जस्टिनकडून ३२ लीग सामन्यांत जेमतेम तीन गोल झाले. फॉर्म हरवला हे खरेच, पण त्याच सुमारास तो शहरातील गे क्लबमध्ये जातो, ही कुजबुज क्लफ यांच्या कानावर गेली.

पुढचा प्रसंग क्लफ यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच नोंदवला आहे. त्यांनी जस्टिनला समोर बोलावले आणि पाव कुठे मिळतो, मटण कुठे मिळते, असे पोराला विचारावे तसे प्रश्न विचारत शेवटी त्या क्लबांत का जातोस, हे एका हीन शब्दासह विचारले. नंतर त्याला संघासोबत सराव करण्यास मनाई झाली. तरीही तो मैदानावर आला तेव्हा त्याला बाहेर काढायला क्लफ यांनी पोलीस बोलावले. दहा लाखांचा खेळाडू डिसेंबर १९८२मध्ये दीड लाख पौंडांत नॉट्स काउंटीला विकला गेला. ट्रेंट नदीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावरचा क्लब.

हा प्रसंग बारकाईने पाहायला हवा. जस्टिनच्या लैंगिकतेबद्दल स्टँडमध्ये अजून कोणाला ठाऊक नव्हते. पहिला अपमान झाला तो बंद दाराआड, साहेबाच्या खोलीत.

१९९०मध्ये काय घडले?

गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने जस्टिनला ब्रायटनमध्ये गाठले. उपचारासाठी अमेरिका, मग तिथले आणि कॅनडातले क्लब, पुन्हा इंग्लंड, असा प्रवास सुरू राहिला. २२ ऑक्टोबर १९९० रोजी ‘द सन’ने पहिल्या पानावर बातमी दिली, की दहा लाखांचा फुटबॉलपटू समलिंगी आहे. मुलाखत जस्टिननेच दिली होती आणि तीही मोबदला घेऊन. टॅब्लॉइडशी असे व्यवहार करणे त्याला पुढेही महागात पडले.

तो काळ लक्षात घ्यावा लागेल. एड्सच्या भीतीवर वृत्तपत्रांचे खप वाढत होते. समलैंगिकतेचा प्रसार करण्यास स्थानिक प्रशासनांना मनाई करणारा कायदा दोनच वर्षांपूर्वी, १९८८मध्ये आला होता. अशा वेळी घरच्यांनी पाठीशी उभे राहणे मोलाचे ठरले असते. पण आता विम्बल्डनचा नावाजलेला खेळाडू झालेल्या जॉनने ब्रिटनमधील कृष्णवर्णीयांच्या ‘द व्हॉइस’ या साप्ताहिकात भावाशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. जस्टिनने गप्प राहावे म्हणून आपण त्याला ७५ हजार पौंड दिले होते, असे पुढे जॉननेच सांगितले. त्याला नंतर या सगळ्याचा पश्चात्ताप झाला. ज्या समाजाने वर्णद्वेष सोसला, त्याच समाजाच्या पानांवर जस्टिन परका झाला.

आता स्टँडकडे दुसरी शिवी होती. संघातील सहकाऱ्यांनी बहुतांशी आपल्याला स्वीकारले, पण त्यांच्या विनोदांना धार असे आणि प्रेक्षकांची शिवीगाळ तर सततची होती, असे जस्टिनने सांगून ठेवले आहे. तरीही तो खेळत राहिला. टॉर्की युनायटेडमध्ये त्याने गोल केले, सहायक व्यवस्थापकाचे कामही पाहिले. नंतर स्कॉटलंडमध्ये एअरड्री आणि हार्ट्स. सत्ताधारी पक्षातील नेत्यांशी आपले संबंध असल्याच्या कहाण्या वृत्तपत्रांना विकण्याचा प्रयत्न उघड झाल्यावर १९९४मध्ये हार्ट्सने त्याला काढून टाकले. या कहाण्या त्याने रचलेल्या होत्या.

कायदा कुठे थांबला?

१९८९च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी दिलेल्या अहवालात अभद्र आणि वर्णद्वेषी घोषणांवर बंदीची शिफारस होती. त्यातून १९९१चा फुटबॉल गुन्हे कायदा आला. मात्र ‘घोषणा’ म्हणजे काय, याची व्याख्या अशी होती की किमान दोघांनी मिळून, वारंवार ओरडले तरच गुन्हा! एकटा माणूस ९० मिनिटे कोकलला तरी या कलमातून सुटे. ही पळवाट बुजवायला १९९९ उजाडले.

दुसरी उणीव मोठी होती. वर्णद्वेषी घोषणेच्या व्याख्येत रंग, वंश, राष्ट्रीयत्व होते, लैंगिकता नव्हती. समलिंगींवरची हेटाळणी फार तर अभद्र बोलण्यात मोडत असे, आणि त्या भाषेवर कारवाई करायची तर निम्मे स्टेडियम रिकामे करावे लागले असते. म्हणून कोणी हात घातला नाही. परिणाम १९९०च्या दशकात चेल्सीच्या ग्रॅहम ले सो याने भोगला. तो समलिंगी नव्हता, पण वाचनाची आवड असलेला, ड्रेसिंग रूममध्ये न रुळणारा खेळाडू होता. अफवेला तेवढे पुरले. वर्षानुवर्षे तो दिसला की स्टँड एका सुरात गाऊ लागे. फेब्रुवारी १९९९मध्ये लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने भर मैदानात त्याला पाठ दाखवून अश्लील हावभाव केले. पंचांनी कार्ड दाखवले ते ले सोला, वेळ काढल्याबद्दल.

अखेर कशी झाली?

मार्च १९९८मध्ये जस्टिन अमेरिकेतील मेरीलँडमध्ये प्रशिक्षक होता. १७ वर्षांच्या एका तरुणाने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. पोलिसांनी चौकशी केली, त्यानंतर जस्टिन इंग्लंडला निघून आला. मेच्या सुरुवातीला पूर्व लंडनमध्ये त्याचा मृतदेह सापडला. जे झाले ते संमतीने झाले, पण समलिंगी असल्यामुळे आपल्याला निष्पक्ष न्याय मिळणार नाही, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती. त्याला अटक करण्याची विनंती अमेरिकेकडून ब्रिटिश पोलिसांकडे आलीच नव्हती, हे नंतरच्या मृत्यूच्या चौकशीत समोर आले.

खटला उभा राहिला नाही. त्यामुळे आरोप सिद्धही झाला नाही आणि खोटाही ठरला नाही. जस्टिनला अन्यायाचा बळी म्हणून उभे करताना तक्रार करणाऱ्या त्या मुलाला विसरून चालत नाही. त्याचीही बाजू न्यायालयात कधी ऐकली गेली नाही.

पुढे काय बदलले?

फेब्रुवारी २०२०मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये जस्टिनचा समावेश झाला. सन्मान स्वीकारला जॉनची मुलगी अमल हिने. काकाच्या वाट्याला जे आले त्यावर ती अनेक वर्षे जाहीरपणे बोलत आली आहे. जानेवारी २०२२मध्ये सरकारी अभियोग विभागाने स्पष्ट केले, की चेल्सीच्या खेळाडूंना आणि पाठीराख्यांना पैसे घेऊन पुरुषांसोबत जाणारी पोरे म्हणून हिणवणारी जुनी घोषणा द्वेषमूलक गुन्हा मानली जाईल. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या एका समर्थकाला त्यासाठी न्यायालयाने दोषी ठरवले.

आणि मे २०२२मध्ये ब्लॅकपूलचा १७ वर्षांचा आघाडीपटू जेक डॅनियल्स याने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. कारकीर्द सुरू असताना असे सांगणारा जस्टिननंतरचा तो ब्रिटनमधील पहिला पुरुष व्यावसायिक फुटबॉलपटू. मधे ३२ वर्षे गेली होती. जस्टिनच्या मृत्यूच्या वेळी जेकचा जन्मही झालेला नव्हता.