आनंदीबाई आणि काकूंची गाठ

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या नारायण पेठेत, केसरीवाड्यापासून दोन मिनिटांवर आम्ही राहतो. जुना वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, तरी आम्ही सगळे एकमेकांना अजून वाड्यातलेच म्हणवतो. वरच्या मजल्यावरच्या काकू माझ्याकडे मंगळागौरीची पत्री निवडायला आल्या होत्या. निवडता निवडता त्या उठल्या, दार लोटून घेतलं आणि खाली मान घालून सांगितलं की डाव्या छातीत काहीतरी हाताला लागतंय. कधीपासून विचारलं, तर होळीपासून!

होळी ते श्रावण म्हणजे पाच महिने. रोज सकाळचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी ही बाई. पण घरचे डॉक्टर पुरुष, तेही तीस वर्षांच्या ओळखीचे. त्यांच्यासमोर ब्लाउजची बटणं कशी काढायची? मुलाला सांगायची सोय नाही, सुनेची नोकरी नवी. दुखत तर नाही, मग बघू पुढे. असं करत पाच महिने गेले.

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. रात्री अंथरुणावर पडले आणि आठवण झाली ती डॉ. आनंदीबाई जोशींची. शाळेत आपण सगळ्यांनीच त्यांच्यावर धडा किंवा निबंध केलेला असतो. पहिली महिला डॉक्टर, अमेरिकेला गेल्या, लवकर वारल्या, एवढ्यावर आपण त्यांना सोडून देतो. त्या डॉक्टर कशासाठी झाल्या, ते मात्र त्या रात्री मला काकूंच्या लोटलेल्या दारावरून नीट कळलं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, घराणं कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने कितीतरी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि तो साधासुधा नव्हे. स्वयंपाकघरात रेंगाळली, पुस्तक बाजूला ठेवलं तर ते मारायलाही कमी करत नसत. आज आपण त्याला प्रेमळ नवरा म्हणणार नाही. पण आनंदीबाईंच्या शिक्षणाचा पायाही त्याच माणसाने घातला, हे नाकारता येत नाही. मला या दोन गोष्टींचा मेळ अजून घालता आलेला नाही.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर औषधपाणी झालं असतं तर मूल वाचलं असतं, हे त्या मुलीच्या मनात घट्ट बसलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टरला यायला बंदी आणि बाई डॉक्टर तर कुठेच नाही. इथून पुढचं त्यांचं सगळं आयुष्य या एकाच गोष्टीभोवती फिरतं.

गोपाळरावांची बदली अलिबाग, कोल्हापूर अशी होत होती. १८८० मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या रॉयल वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणाची सोय होईल का विचारलं. ते पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना ते वाचलं! दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि सातासमुद्रापलीकडची ती बाई आनंदीबाईंची मावशी झाली.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. परदेशी जाण्याआधी, १८८३ मध्ये आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीतून भाषण केलं. वय अठरासुद्धा पूर्ण नाही. आपल्या बायकांना बाई डॉक्टरची किती गरज आहे, ती त्यांनी तिथे मांडली. पुढे कॉलेजच्या प्रवेशासाठी लिहिलेल्या अर्जातही तेच होतं, की आमच्या बायका पुरुषाच्या हातून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा बरोबर नव्हता, तो पुढे दोनेक वर्षांनी गेला.

फिलाडेल्फिया शहरात १८५० साली खास बायकांसाठी काढलेलं मेडिकल कॉलेज होतं, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. तिथे आनंदीबाई शिकल्या. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. तिकडची थंडी आणि आधीपासून नाजूक प्रकृती, दोन्ही अंगावर काढलं. १८८५ चा एक फोटो आहे, तुम्ही पाहिला असेल. साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केइको ओकामी आणि सिरियाची साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या. ११ मार्च १८८६ ला त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू लोकांतलं बाळंतपणाचं शास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

त्या काळात छातीच्या गाठीचं काय होत असेल, असा विचार माझ्या मनात आला. याच फिलाडेल्फियातलं, आनंदीबाई पास झाल्यावर तीनच वर्षांनी, १८८९ साली टॉमस ईकिन्सने काढलेलं एक मोठं चित्र आहे. डॉ. अॅग्न्यू नावाचे सर्जन एका बाईच्या छातीचं ऑपरेशन करताहेत आणि गॅलरीत रांगाच्या रांगा पुरुष विद्यार्थी बसून बघताहेत. त्या सगळ्या गर्दीत शुद्धीवर असलेली बाई एकच, एक नर्स. ते चित्र बघितलं की वाटतं, काकू उगाच लाजत नव्हत्या. ही लाज आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली आहे, आणि तिला कारणंही होती.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागाचं काम देऊ केलं होतं. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या त्याच क्षयाने पोखरून. एकही दिवस कामावर रुजू होता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला आपल्या पुण्यातच त्या गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावात त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली गेली. दोनच वर्षांत काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र मराठीत लिहिलं. एका बाईचं चरित्र एका बाईने लिहिलं, त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर दुसऱ्या दिवशी मी काकूंना आनंदीबाईंची गोष्ट सांगितली आणि दुपारी एका बाई डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी हाताने तपासलं, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी लिहून दिली. सोनोग्राफीच्या वेळी मी शेजारीच उभी होते. पोटाच्या सोनोग्राफीसारखीच जेली, तसाच प्रोब. पण मध्येच डॉक्टरबाईंनी एक बटण दाबलं आणि काळ्यापांढऱ्या चित्रावर रंग उमटले. गाठीचा कडकपणा मोजतेय, म्हणाल्या. याला इलॅस्टोग्राफी म्हणतात.

मी विचारत सुटले, त्याही न कंटाळता सांगत गेल्या. मंडईत आपण आंबा दाबून बघतो ना, पिकलाय का? कणकेत चुकून सुपारी पडली तर वरून दाबताना कणीक दबते, सुपारी दबत नाही. कॅन्सरची गाठ बहुधा आजूबाजूच्या भागापेक्षा टणक असते. म्हणून तर डॉक्टर पूर्वीपासून बोटांनी चाचपून बघतात. हे दाबून बघणं यंत्राकडून करून घ्यायची युक्ती अमेरिकेत ह्यूस्टनला जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. एका प्रकारात प्रोबने हलकेच दाबतात आणि कुठला भाग किती दबला ते रंगात दिसतं. दुसऱ्या प्रकारात यंत्र स्वतःच आत एक छोटा धक्का देतं. त्या धक्क्याने लाट उठते, ती कडक भागातून जोरात धावते, मऊ भागातून सावकाश. तिच्या वेगावरून कडकपणाचा आकडा मिळतो, किलोपास्कलमध्ये. २०१२ मध्ये अनेक देशांतल्या ९३९ गाठींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ८० किलोपास्कलच्या आसपास रेघ धरली होती. यंत्रायंत्राप्रमाणे ती रेघ बदलते.

एक गंमत सांगते. या प्रोबमध्ये जे स्फटिक असतात, त्यांना दाबलं की वीज तयार होते आणि वीज दिली की ते थरथरतात. आपल्या गॅसच्या लायटरमध्ये टक्‌ करून ठिणगी पडते, ती याच तत्त्वावर. हा शोध पिअर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली पॅरिसला लावला. म्हणजे गोपाळरावांनी वाइल्डरला पत्र पाठवलं, त्याच वर्षी!

आणि दुसरी गोष्ट तर मला कितीतरी दिवस पुरली. आनंदीबाईंचं ते कॉलेज नावं बदलत बदलत आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज झालंय. याच ड्रेक्सेलमध्ये तसल्याच स्फटिकाच्या तत्त्वावर छातीतला कडकपणा ओळखणारा एक संवेदक तयार झाला आणि त्यावरून हातात धरायचं छोटं यंत्र निघालं, आयब्रेस्टएक्झाम नावाचं. ते सोनोग्राफी नव्हे. त्यात चित्र दिसत नाही, संशयाची जागा तेवढी कळते. आपल्या देशातही ते वापरलं गेलंय. आनंदीबाईंना जिथून डॉक्टरकी आणायची होती, तिथून सव्वाशेहून अधिक वर्षांनी का होईना, काहीतरी आलं म्हणायचं.

पण मैत्रिणींनो, रंग बघून आपणच निकाल लावू नका. एका यंत्रावर निळा म्हणजे कडक, दुसऱ्यावर लाल म्हणजे कडक. काकू पडद्यावरचा लाल रंग बघून घाबरल्या होत्या, मला डॉक्टरबाईंना विचारावं लागलं. शिवाय काही कॅन्सर मऊ असतात. आणि साधी, जुनी, आत चुना धरलेली गाठ दगडासारखी लागू शकते. म्हणून इलॅस्टोग्राफी एकटी काही ठरवत नाही. साध्या सोनोग्राफीत गाठीचा आकार, कडा बघून जी शंका येते, तिला ती दुजोरा देते किंवा ती शंका कमी करते. शंका अगदीच कमी असेल तर कधीकधी सुई टोचणं टळतं आणि काही महिन्यांनी परत बघतात. शंका असेल तर सुईने तुकडा काढून तपासायलाच लागतो, त्याला बायोप्सी म्हणतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे आमच्या मंडळात अजून छातीठोकपणे सांगणाऱ्या बायका आहेत. तसं नसतं. न तपासता ठेवला की मात्र पसरतो.

माझं माहेर तालुक्याचं गाव, त्यामुळे तुमच्या मनात आलेला प्रश्न मला कळतो. तिथे हे यंत्र कुठलं? नसेलही. त्यावाचून काही अडत नाही. हाताने तपासणी, साधी सोनोग्राफी, लागली तर मॅमोग्राफी आणि बायोप्सी, यावर निदान होतं. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. तरुण बायकांत तसा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. पण बाईने बाईला तपासायचं, यंत्र नाही, फक्त शिकलेली बोटं! आनंदीबाई याहून वेगळं काय मागत होत्या?

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे आपल्या देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने छातीचा कॅन्सर होतो आणि सुमारे ९८ हजार जातात. हा आकडा वाचताना मला काकूंचे ते पाच महिने आठवतात.

काकूंच्या गाठीचा आकडा वर गेला होता, कडाही वेड्यावाकड्या होत्या. बायोप्सी झाली, कॅन्सरच निघाला. ऑपरेशन दिवाळीआधी उरकलं. गाठ लहान होती, त्यामुळे छाती पूर्ण काढावी लागली नाही, पुढे रेडिएशन घेतलं. मुलगा रोज घेऊन जायचा. ज्याला सांगायची लाज वाटत होती, त्यानेच रजा काढली आणि सुनेने डबे सांभाळले. केस गेले तेव्हा काकू चार दिवस रडल्या, मग डोक्याला रुमाल बांधून मंडळाच्या हळदीकुंकवाला येऊन बसल्या.

परवा त्यांच्या फलटणच्या जाऊबाई चार दिवस राहायला आल्या होत्या. मी ताक मागायला वर गेले तर दार लोटलेलं. आत काकू त्यांना काहीतरी विचारत होत्या, हळू आवाजात. गुरुवारी जाऊबाईंची सोनोग्राफी आहे. बरोबर काकू जाणार आहेत.