लीला राव

इंग्लंडची राजधानी लंडन. या शहराच्या नैर्ऋत्य भागात विंबल्डन नावाचे एक उपनगर आहे. तेथे दरवर्षी उन्हाळ्यात हिरवळीच्या मैदानांवर टेनिसचे सामने भरतात. हे सामने १८७७ साली सुरू झाले आणि १८८४ पासून त्यांत स्त्रियाही खेळू लागल्या. देशोदेशींचे नामांकित खेळाडू येथे येतात. येथे खेळावयास मिळणे हाच मोठा मान समजला जातो. १९३४ साली या हिरवळीवर मुंबईची एक तरुणी रॅकेट घेऊन उतरली. तिचे नाव लीला राव.

लीलाचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. तिचे वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतील नावाजलेले डॉक्टर होते. आई क्षमाबाई या मूळच्या पुण्याच्या. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे थोर विद्वान होते. अथर्ववेदाचे त्यांनी संपादन केले होते, आणि तुकाराममहाराजांच्या अभंगांची गाथा त्यांच्याच देखरेखीखाली छापली गेली होती. परंतु क्षमाबाई अगदी लहान असतानाच, १८९४ साली, ते वारले. पित्याचे छत्र हरपले, तरी त्यांच्या विद्येचा वारसा मुलीने सोडला नाही. क्षमाबाईंनी संस्कृत भाषेवर असे प्रभुत्व मिळविले, की त्या भाषेत त्या काव्ये आणि कथा लिहू लागल्या. महात्मा गांधींच्या लढ्यावर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ हे काव्य रचले. ते १९३२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे लोक त्यांना ‘पंडिता क्षमा राव’ या नावाने ओळखू लागले.

पंडिता म्हटले, की ग्रंथांच्या ढिगाऱ्यात बसलेली गंभीर स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. क्षमाबाई तशा नव्हत्या. त्या उत्तम टेनिस खेळत. १९२० नंतरच्या काळात मुंबई इलाख्यातील आघाडीच्या स्त्री-खेळाडूंमध्ये त्यांची गणना होत असे. सकाळी संस्कृत श्लोक आणि सायंकाळी टेनिसचे मैदान, या दोहोंत त्यांना विरोध वाटत नसे. लीलेला हे दोन्ही संस्कार आईकडूनच लाभले.

ते दिवस आजच्यासारखे नव्हते. मुलींनी मैदानावर धावावे, ही गोष्टच पुष्कळांना रुचत नसे. मुलींचे शिक्षणही फार थोड्या घरांतून होई. टेनिस हा तर साहेबांचा खेळ समजला जाई. गोऱ्या लोकांच्या कित्येक जिमखान्यांत भारतीयांना प्रवेशही मिळत नसे. शिवाय या खेळात सामना जिंकल्याबद्दल पैसा मिळण्याची सोय नव्हती. धंदेवाईक खेळाडूंना विंबल्डनचे दार १९६८ साली उघडले. त्यापूर्वी तेथे विजेत्यालाही चषक आणि कीर्ती एवढ्यावरच समाधान मानावे लागे. त्यामुळे ज्यांच्या घरी सुबत्ता होती, त्यांनाच परदेशी जाऊन खेळणे शक्य होते. लीलेला ती अनुकूलता लाभली होती. परंतु पैशाने बोटीचे तिकीट मिळते, खेळातील विजय मिळत नाही. तो ज्याचा त्यालाच मिळवावा लागतो.

१९३१ साली लीलेने अखिल भारतीय अजिंक्यपद पटकावले. तीन वर्षांनी ती विंबल्डनच्या मैदानावर उतरली. पहिल्या फेरीत तिची गाठ ग्लॅडिस साउथवेल हिच्याशी पडली.

त्या सामन्याचे महत्त्व समजण्यासाठी टेनिसची गणती थोडी समजून घेतली पाहिजे. टेनिसच्या सामन्याचे भाग असतात. त्यांना ‘सेट’ म्हणतात. सेटमध्ये अनेक ‘गेम’ असतात. जो खेळाडू आधी सहा गेम जिंकतो, तो सेट जिंकतो. मात्र प्रतिस्पर्ध्यापेक्षा त्याचे दोन गेम अधिक असावे लागतात. स्त्रियांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकणारी खेळाडू विजयी ठरते. आज दोघींचे सहा-सहा गेम झाले, म्हणजे एक निर्णायक गेम खेळून सेटचा निकाल लावतात. १९३४ साली ही सोय नव्हती. दोन गेमचा फरक पडेपर्यंत खेळतच राहावे लागे, मग कितीही वेळ लागो.

पहिला सेट लीला चार विरुद्ध सहा गेमनी हरली. आता दुसरा सेट गेला असता, तर सामनाच संपला असता. दुसऱ्या सेटमध्ये दोघींची अगदी बरोबरी चालली. सहा-सहा झाले, सात-सात झाले, आठ-आठ झाले, तरी निकाल लागेना. अशा वेळी हात थकतात आणि त्याहून अधिक मन थकते. एक चूक झाली, तर हातचे सर्व काही जाते. लीलेने धीर सोडला नाही. पुढचे दोन्ही गेम जिंकून तिने तो सेट दहा विरुद्ध आठ असा आपल्याकडे खेचला. तिसऱ्या सेटमध्ये मात्र तिने प्रतिस्पर्धिनीला डोके वर काढू दिले नाही. सहा विरुद्ध दोन गेमनी तो जिंकून तिने सामना जिंकला. एकूण छत्तीस गेमची ती झुंज होती. विंबल्डन येथे सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री हा मान त्या दिवशी लीला राव हिला मिळाला.

दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफ हिने लीलेचा पराभव केला. त्या वर्षीचे स्त्रियांचे अजिंक्यपद इंग्लंडच्या डोरोथी राउंड हिने मिळविले. पुढील वर्षी, १९३५ मध्ये, लीला पुन्हा विंबल्डनला खेळली. पण या वेळी पहिल्याच फेरीत हरली. जगातील थोर टेनिसपटूंच्या यादीत तिचे नाव कधी आले नाही. विंबल्डनचा चषक तर फार दूरच राहिला.

एखादी दुसरी खेळाडू अशा वेळी निराश झाली असती. लीलाबाईंनी रॅकेट खाली ठेवली नाही. परदेशातील पराभवानंतर त्या मायदेशातील मैदानांवर अधिकच जिद्दीने खेळू लागल्या. १९३६, १९३७ आणि १९३८ अशी सलग तीन वर्षे त्यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर १९४०, १९४१ आणि १९४३ या वर्षीही त्या विजयी झाल्या. पहिले अजिंक्यपद आणि शेवटचे अजिंक्यपद यांत बारा वर्षांचे अंतर होते. एवढ्या काळात त्यांनी हे पद सात वेळा जिंकले. एकदा जिंकणे हे पुष्कळांना साधते. हरल्यानंतर पुन्हा उभे राहून वर्षानुवर्षे जिंकत राहणे थोड्यांनाच साधते.

खेळाबरोबर त्यांचा विद्याभ्यासही चालूच होता. भारतीय नृत्यकलेचा त्यांनी सखोल अभ्यास केला आणि त्या विषयावर ग्रंथ लिहिले. आईप्रमाणे त्यांनीही संस्कृत भाषेत लेखन केले. क्षमाबाईंच्या काही कथांना त्यांनी संस्कृत नाटकांचे रूप दिले. १९५४ साली क्षमाबाई निवर्तल्या. परंतु त्यांचे शब्द मुलीच्या नाटकांतून बोलत राहिले. लीलाबाईंचा विवाह हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला होता. दयाळ हे भारताच्या परराष्ट्र सेवेतील मोठे अधिकारी होते आणि नेपाळमध्ये ते भारताचे राजदूत होते. १९६४ साली एव्हरेस्टच्या परिसरात प्रवास करीत असताना त्यांचे निधन झाले.

लीलाबाईंच्या त्या विजयाला एकाहत्तर वर्षे लोटली. २००५ साली सानिया मिर्झा ही अठरा वर्षांची भारतीय मुलगी विंबल्डनच्या हिरवळीवर उतरली. तिनेही पहिल्या फेरीचा सामना जिंकला आणि लीलाबाईंप्रमाणेच ती दुसऱ्या फेरीत हरली. तोपर्यंत काळ बदलला होता. देश स्वतंत्र झाला होता. मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या, मैदानावर खेळू लागल्या होत्या, आणि खेळाडूंना मानाबरोबर धनही मिळू लागले होते. सानियाचा सामना लाखो लोकांनी घरबसल्या दूरदर्शनसंचावर पाहिला.

लीलाबाईंचा सामना पाहण्याचे भाग्य मायदेशातील लोकांना लाभले नव्हते. दुरून आलेली ती मुलगी एक सेट हरून उभी होती, आणि दुसरा सेट आठ-आठ गेमवर अडकला होता. त्या क्षणी तिने हार मानली असती, तर तिला कोणी दोषही दिला नसता. पण तिने तसे केले नाही. रानातील पहिली पाऊलवाट पाडणारा माणूस फार दूर गेलेला नसतो. तरीही मागून येणाऱ्यांची वाट तेथूनच सुरू होते. लीला राव यांचा तो एक विजय अशीच पहिली पाऊलवाट होय.