लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

आमच्या वर्गांतील एका मुलानें मागें एकदां मला विचारलें कीं, सैनिकाला मोठें पदक मिळण्यासाठीं किती शत्रु मारावे लागतात? वर्गांत हशा पिकला. पण मुलाचा प्रश्न प्रामाणिक होता, व त्याचें उत्तर दोन वाक्यांत देणें मला साधलें नाहीं. तें उत्तर एका चरित्राच्या रूपानें येथें देण्याचें योजिलें आहे. चरित्रनायक कोठले दूरचे नाहींत. कोल्हापुराजवळील वडगांव हें त्यांचें जन्मगांव.

शंकरराव पांडुरंग थोरात यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजीं झाला. ते इंग्लंडांत सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयांत शिकले व १९२६ सालीं सैन्यांत अधिकारी झाले. त्या काळीं सँडहर्स्ट येथें हिंदी विद्यार्थ्यांस वर्षाकाठीं दहाच्या आसपासच जागा मिळत. पुढें वाट मोकळी होती असेंहि नाहीं. इंग्रज अधिकाऱ्यावर हिंदी अधिकाऱ्याच्या हुकमतींत चाकरी करण्याचा प्रसंग येऊं नये, म्हणून १९२३ सालीं आठ पलटणी निवडून काढण्यांत आल्या होत्या, व हिंदी अधिकारी त्यांतच नेमले जात. दिसावयास ही सवलत, पण असावयास कुंपण! थोरात अशाच एका पलटणींत, चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणींत, रुजू झाले. त्याच पलटणींत त्यांच्या मागाहून आलेला एक अधिकारी अयूब खान हा पुढें पाकिस्तानचा अध्यक्ष झाला.

हिंदी अधिकारी शूर असतो, पण सबंध पलटण चालविण्याचें ओझें त्यास पेलेल काय, असा संशय वरिष्ठ वर्तुळांत वर्षानुवर्षें बोलून दाखविला जात असे. त्याचें उत्तर ब्रह्मदेशांत मिळालें. १९४५ च्या जानेवारींत आराकान किनाऱ्यावरील जपानी सैन्य मागें हटत होतें, व त्याची परतीची वाट कानगॉ या गांवाजवळून जात होती. ती तोडण्यासाठीं प्रथम ब्रिटिश कमांडो खाडीच्या मार्गानें उतरले, आणि त्यांच्या मागोमाग ५१ वी हिंदी ब्रिगेड गेली. या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : कूर्गचे थिमय्या, एल्. पी. सेन व आपले थोरात. थोरातांकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. भोंवतालीं कांदळवनें, भातखाचरें, आणि समोरच्या टेकड्यांवर खंदक खणून बसलेले जपानी. त्यांतील मेलरोज असें सांकेतिक नांव दिलेली टेकडी थोरातांच्या पलटणीनें चढाई करून घेतली; अखेरची झुंज संगिनींनीं, हातघाईची झाली.

या लढाईनंतर तिघांहि पलटणप्रमुखांस डी. एस्. ओ. हें मानचिन्ह मिळालें. १८८६ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत सुरू झालेलें हें मानचिन्ह युद्धांतील विशेष सेवेबद्दल अधिकाऱ्यांस, व बहुधा सैन्याचें नेतृत्व करणाऱ्यांस, दिलें जाई. मुलांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नुसता पुढें धांवून जाणारा वीर निराळा. नेत्याला आठशें माणसें कोठें घालावयाचीं, केव्हां थांबवावयाचीं, जखमी मागें कसे आणावयाचे, दारूगोळा कोठून येणार, हें सारें गोळ्यांच्या वर्षावांत शांत डोक्यानें ठरवावें लागतें. कानगॉ येथें तीन हिंदी माणसांनीं एकाच वेळीं तें करून दाखविलें. त्यानंतर त्या जुन्या संशयाला आधार उरला नाहीं.

दुसऱ्या पदकाची कथा याहून वेगळी आहे, व मला स्वतःला ती अधिक आवडते. कोरियांतील युद्ध २७ जुलै १९५३ रोजीं थांबलें. पण कैद्यांचा प्रश्न उरला. संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यांतील सुमारें २२,६०० चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशीं जावयास राजी नव्हते. त्यांना तटस्थ हातीं ठेवून, प्रत्येकाची खरी इच्छा काय हें पाहावें, असें ठरलें. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या झाले, व कैद्यांच्या रक्षणासाठीं भारतानें जें दल पाठविलें त्याचे सेनापति मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारनें भारतीय शिपायांस आपल्या भूमीवर पाऊल ठेवूं देण्याचेंच नाकारलें; तेव्हां त्यांना बंदरावरून हेलिकॉप्टरांनीं उचलून मधल्या निर्लष्करी पट्ट्यांत नेऊन उतरवावें लागलें.

आम्हां सोलापूरकरांस चिनी जखमींची सेवा म्हटली कीं डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. त्यांनीं तेथेंच १९४२ सालीं देह ठेवला. पण या छावणींतील चिनी कैद्यांस भारतीयांविषयीं ममता नव्हती. हे लोक आपल्याला बळेंच परत पाठविणार, अशी त्यांची समजूत झाली होती. ते शिव्या देत, दगड मारीत. आणि शिपायांनीं तें सोसावें असा हुकूम होता. सप्टेंबर महिन्यांत एके दिवशीं खवळलेल्या कैद्यांनीं ग्रेवाल नांवाच्या भारतीय मेजरला कुंपणाच्या आंत ओढून ओलीस धरलें. बाहेर बंदुका तयार होत्या. एक इशारा होतांच शेंकडों निःशस्त्र माणसें मेलीं असतीं, बहुधा ग्रेवालहि वांचले नसते, आणि नुकताच झालेला युद्धविराम तरी टिकला असता कीं नाहीं कोण जाणे.

थोरातांनीं तो इशारा दिला नाहीं. मोजक्या सोबत्यांसह ते स्वतः शस्त्रावांचून आंत गेले. भोंवतीं आरडाओरडा चालला होता. तो किंचित् ओसरतांच त्यांनीं कैद्यांस सांगितलें कीं, आमच्या देशांत पाहुणा दारीं आला तर त्याला निदान चहा तरी विचारतात. तुमच्याकडे तशी रीत नाहीं काय? चिनी मनुष्य आतिथ्याच्या बाबतींत असा टोमणा ऐकून घेणारा नव्हे. चहा आला, सिगारेटी आल्या, माणसें खालीं बसलीं, आणि बोलतां बोलतां ग्रेवाल यांची सुटका झाली. दुर्दैवानें सारेच प्रसंग असे निभावले नाहींत. ऑक्टोबरच्या आरंभीं पहाऱ्यावरील शिपायांस गोळी झाडावी लागली व कांहीं कैदी प्राणास मुकले. तरीहि जानेवारी १९५४ पर्यंत तें अवघड काम भारतीय दलानें तडीस नेलें. थोरातांस दुसऱ्या वर्गाचें अशोकचक्र मिळालें; १९६७ पासून त्यालाच कीर्तिचक्र म्हणतात. एका मेजर जनरलला हें शौर्यपदक एकहि गोळी न झाडतां मिळालें, हें त्या विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवावें.

पुढें ते लेफ्टनंट जनरल झाले, व लखनौ येथें पूर्व विभागाचे सेनापति म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९५९ सालीं चीनच्या सरहद्दीवर कुरबुरी वाढूं लागल्या. थोरातांनीं ईशान्येकडील डोंगराळ मुलखाचा अभ्यास करून ऑक्टोबर १९५९ मध्यें एक टिपण वर पाठविलें. सरहद्दीवरील ठाणीं रस्त्यांपासून दूर. तेथें अन्न व दारूगोळा पोंचविणें कठीण. म्हणून पुढें केवळ टेहळणीपुरतीं ठाणीं ठेवावीं व खरा सामना मागें, आपल्या रस्त्यांजवळ, शत्रूची रसद लांबल्यावर करावा, असा त्यांचा विचार होता. मार्च १९६० मध्यें त्यांनीं लखनौ येथें लाल किल्ला या नांवाचा युद्धाभ्यास घेऊन, चीननें हल्ला केल्यास काय काय घडेल, हें अधिकाऱ्यांसमोर मांडलें. सरसेनापति थिमय्यांना तें पटलें. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ती भीतिग्रस्त कल्पना वाटली. १९६१ सालीं थिमय्या निवृत्त होतांना त्यांनीं आपल्या जागीं थोरातांचें नांव सुचविलें होतें. नेमणूक थापर यांची झाली व थोरातहि त्याच वर्षीं निवृत्त झाले.

योगायोग असा कीं, ज्येष्ठ सेनानींच्या विशेष सेवेसाठीं आज जें परम विशिष्ट सेवा पदक दिलें जातें, त्याची स्थापना २६ जानेवारी १९६० रोजीं, म्हणजे त्या युद्धाभ्यासाच्या थोडेंच आधीं, झाली. पण वेळेपूर्वीं दिलेल्या व न ऐकलेल्या इशाऱ्यासाठीं कोणत्याहि सैन्यांत पदक ठेवलेलें नसतें.

२० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीननें हल्ला केला, आणि महिन्याच्या आंत से ला व बोमडिला हीं ठिकाणें पडलीं. युद्ध पेटल्यावर पंतप्रधान नेहरूंनीं थोरातांस बोलावून घेतलें. हा प्रसंग थोरातांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मचरित्रांत सांगितला आहे. त्यांनीं जुनें टिपण पुढें ठेवलें. नेहरूंनीं तें वाचून विचारलें कीं, हें मला आजवर कोणी दाखविलें कसें नाहीं? थोरात इतकेंच म्हणाले कीं, याचें उत्तर मेनन देऊं शकतील.

थोरात निवृत्तीनंतर कोल्हापुरास राहिले, व १९९२ सालीं वारले. मेलरोज टेकडी घेणारी त्यांची ती पलटण १९४९ सालीं ब्रिगेड ऑफ गार्ड्सची पहिली पलटण झाली, व त्या नांवानें ती आजहि भारताच्या सेवेंत आहे.