पंडिता रमाबाई : सख्या दुरावलेली माता

भगिनींनो, पंडिता रमाबाईंची विद्वत्ता सर्वांस ठाऊक आहे. मी मात्र त्यांच्या निराळ्याच दुःखाविषयी लिहिते. जिवाभावाची माणसे एकामागून एक गेली आणि पदरी लहान मुलगी, अशा वेळी त्या कशा उभ्या राहिल्या?

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने वारले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढे पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. तेथे रमाबाई रानड्यांसारख्या मैत्रिणी मिळाल्या.

१८८३ मध्ये मनोरमेला घेऊन त्या विलायतेस गेल्या. सोबत सखी आनंदीबाई भगत होत्या. परक्या मुलखात थोड्याच दिवसांत आनंदीबाईंनी आपला जीव दिला. सप्टेंबरात रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इकडची पुष्कळ माणसे तुटली.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या रमाबाईंच्या नात्यातल्याच. त्या समारंभास रमाबाई मुद्दाम गेल्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या. रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतरावरून वाद पेटला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी पुष्कळ मुली घरी नेल्या. दोन्ही बाजूंची माणसे निष्ठावंतच होती, तरी मने दुभंगली ती दुभंगलीच.

रमाबाईंनी दार लावून घेतले नाही. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलीबायका आणून त्यांनी केडगावास मुक्ती सदन वसविले. मनोरमा शिकून आईचा उजवा हात झाली. आपला हिंगोली भाग त्या काळी निजामाच्या राज्यात होता; त्याच राज्यातील गुलबर्ग्यास मनोरमेने १९१२ मध्ये शाळा चालू करविली. पण १९२१ च्या जुलैत तीही गेली. लेकच सखी झाली होती, तीही हरपली! एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंनी देह ठेवला.

सासरी येताना आपणही सख्या मागे सोडतो. पुढे कुणाशी अबोला होतो, कुणी देवाघरी जाते. गेलेलीची जागा भरत नाही. पण तिच्यावरची माया दुसऱ्या गरजू बाईला देता येते, हे मला रमाबाईंपासून कळले. सिद्धेश्वरच्या आपल्या मंडळात एकटी पडलेली एखादी बहीण आली, तर तिच्यासाठी सतरंजीवर जरा सरकून जागा करू या.