लोकांतराचा शिल्पकार

असंख्य विश्वांची दारे खेळाडूंसाठी खुली करणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांच्यासाठी त्यांनीच स्थापलेल्या कंपनीचे दार अवघ्या १३ वर्षांत बंद झाले. ‘डन्जन्स अॅण्ड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या दोन जनकांपैकी ते एक.

२७ जुलै १९३८ रोजी शिकागोत जन्मलेल्या गायगॅक्स यांचे वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक होते. बालपणीच हे कुटुंब विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या छोट्या गावी स्थायिक झाले. गायगॅक्स यांचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. मात्र अद्भुतकथांचे वाचन आणि युद्धखेळांचा नाद कायम राहिला. १९७० मध्ये विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर जोडे दुरुस्त करून त्यांनी संसाराला हातभार लावला. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी ‘चेनमेल’ हा नियमसंग्रह काढला. त्याच्याच आधारे डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला नवा प्रयोग त्यांनी पाहिला आणि दोघांच्या सहकार्यातून हा खेळ साकारला. १९७३ मध्ये डॉन के या बालमित्राबरोबर त्यांनी ‘टीएसआर’ स्थापन केली. १९७४ च्या आरंभी खेळाच्या पहिल्या एक हजार प्रती बाजारात आल्या.

तळघरे आणि भुयारे यांच्यापुरता हा खेळ सीमित राहिला नाही, याचे श्रेय गायगॅक्स यांच्या विश्वरचनेला द्यावे लागेल. १९७७ मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकातील लेखात आणि पुढील वर्षीच्या ‘प्लेअर्स हँडबुक’च्या परिशिष्टात त्यांनी तिचा आराखडा मांडला. मध्यभागी मर्त्यलोक, त्याभोवती अग्नी, जल, वायू व पृथ्वी यांचे लोक आणि त्यापलीकडे १६ बाह्यलोक. प्रत्येक बाह्यलोक सुव्यवस्था वा अराजक, सत् वा असत् अशा एखाद्या वृत्तीचे निवासस्थान. ऑलिम्पस, हेडीस आणि आपल्या परिचयाचे निर्वाणही त्या नकाशात शेजारी आले. नीतीला जणू भूगोल लाभला.

या प्रवासाचेही नियम होते. एका मंत्रासाठी दुबेळक्याच्या आकाराचा धातूचा दंड लागे. कोणत्या लोकी पोहोचायचे हे त्याच्या धातूवर व आकारावर ठरे. सूक्ष्मलोकातून जाताना देह मागेच राही आणि त्याला जोडणारा रुपेरी धागा तुटला, की मृत्यू अटळ. किमयेलाही किंमत असते, हे सूत्र त्यांनी कधी सोडले नाही.

यशापाठोपाठ कलह आला. श्रेय व मानधनावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला. तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. खेळ सैतानपूजा शिकवतो, या आरोपालाही गायगॅक्स यांना तोंड द्यावे लागले. कंपनी कर्जात बुडाली, १९८५ मध्ये तिची सूत्रे लॉरेन विल्यम्स यांच्याकडे गेली आणि पुढच्याच वर्षी गायगॅक्स बाहेर पडले. त्यांच्या लोकांचा विस्तार मग इतरांनी केला: १९८७ मध्ये जेफ ग्रब यांच्या ‘मॅन्युअल ऑफ द प्लेन्स’ने, १९९४ मध्ये डेव्हिड कुक यांच्या ‘प्लेनस्केप’ने.

गायगॅक्स अखेरपर्यंत नवे खेळ रचत राहिले. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हा येथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०१४ मध्ये निघालेल्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतही त्यांनी आखलेल्या त्या बाह्यलोकांचे चक्र कायम होते.